शिवणीचा पाय

गार्डसाहेब,

परवा तुमच्या सरणाची लाकडं ट्रॉलीतून उतरत होती, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "ही कुठून आणली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तांड्यातली माणसं, पाहुणे, ट्रॉलीवाला. तुमचा थोरला वसंत सुजलेल्या डोळ्यांनी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, आज तरी ऱ्हाऊ द्या." मी मान खाली घातली. पण लाकडं बघून घेतलीच. बहुतेक बाभूळ होती, थोडा कडुनिंब, सगळी बांधावरची, वाळलेली. चोरीचं काही नव्हतं. तुमचं मात्र एवढ्यावर भागलं नसतं. ट्रॉलीवाल्याला बाजूला घेऊन कोणाचा बांध, कोणी तोडलं, कोणासमोर तोडलं, असं विचारत तुम्ही त्याचा चेहरा वाचला असता. सगळी नोकरी वनरक्षक म्हणून डोंगरात काढलेली. लाकूड दिसलं की तुम्हाला आधी चोर दिसायचा, मग झाड.

मलाही तुम्ही आधी चोर म्हणूनच पाहिलं.

नरसीच्या रस्त्यावरचं माझं दुकान तेव्हा नवीन होतं. दारं, चौकटी, पलंग आणि नामदेव महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी छोटे देव्हारे करायचो. हिंगोलीतली एक बंद पडलेली कापसाची जिनिंग पाडत होते. तिच्या छताचे सागवानी वासे मी विकत घेतले आणि टेम्पोत घालून आणत होतो. टेम्पो तुम्ही अडवला. वाशांच्या टोकांवर हात फिरवला, नखानं खरवडलं आणि म्हणालात, "मिस्त्री, हे कापलेलं तर ताजं दिसून राहिलं." मी सांगितलं, टेम्पोत मावत नव्हते म्हणून टोकं कापली. पावती दाखवली. ती तुम्ही वाचली, उलटी करून पाहिली, उजेडात धरली. "पावती जिनिंगची हाय. लाकूड जिनिंगचं हाय कशावरून?"

यावर माणसानं काय उत्तर द्यावं? माल वनखात्याच्या डेपोत गेला. वरच्या साहेबांनी पुढं तो सोडला, पण तोवर उन्हापावसात पडून वासे उकलले होते. ज्याच्या घरासाठी ते घेतले होते त्यानं दुसरा सुतार गाठला. बाजारात कितीतरी दिवस माझी ओळख 'तो, सागवानात सापडलेला' अशी होती. तुम्ही रस्त्यानं मोटरसायकलवर दिसलात की मी रंधा ठेवून आत जायचो.

मग तुमचा अपघात झाला. संध्याकाळी डोंगरातून तांड्याकडं परतताना मागून एका पिकअपनं तुम्हाला उडवलं आणि ती न थांबता गेली. नंबरप्लेट नव्हती. नांदेडला नेलं, तिथं डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलीस फिरले, चौकशा झाल्या, हाती काही लागलं नाही. अपघात म्हणून फाईल बंद झाली. पण तुमच्यासाठी ती बंद झाली नव्हती. तुम्ही आयुष्यभर लोकांचं लाकूड धरलं होतं, त्यातल्याच कोणीतरी हे केलं असं तुमच्या मनानं घेतलं होतं. आणि ज्यांचं लाकूड धरलं होतं त्यांत मी होतो.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून ज्या दिवशी काळी-पिवळी जीप माझ्या दुकानासमोर थांबली आणि तुम्ही कुबड्या टेकत खाली उतरलात, त्या दिवशीही मी रंधा ठेवून आत जायला वळलो, पण तुम्ही मला पाहिलं होतं.

तुम्ही बाकड्यावर बसलात. पाणी दिलं, ते घेतलं नाही. दुकानातल्या फळ्या, ओंडके, कोपऱ्यातला भुस्सा, सगळीकडं नजर फिरवली आणि मग म्हणालात, "मिस्त्री, पाय करतोस का?"

"कशाचा? पलंगाचा?" मी खरंच तसं समजलो होतो.

"माहा."

अपंगांच्या शिबिरात मिळालेला नकली पाय तुम्ही पिशवीत घालून आणला होता. त्या पायात काही वाईट नव्हतं. तसाच पाय लावून हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती हलवणारी माणसं मी पाहिली होती. तुमच्या कापलेल्या पायाचा खुंट नंतर बारीक झाला, तो बसायची वाटी सैल पडली आणि घासून जखमा व्हायला लागल्या. पुन्हा जाऊन माप दिलं असतं तर जमलं असतं. पण तुम्ही जायला तयार नव्हता. "आत घेऊन जातेत, काय करतेत ते दिसू देत न्हाईत. त्याच्या आत काय भरलंय मला काय माहीत? लाकूड मला वाचता येतं."

"पण माझ्याकडंच काहून?"

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात.

तुम्ही गेल्यावर माझी बायको म्हणाली, "हा माणूस पाय करायला आलाच न्हाई. नजर ठेवायला आलाय. नको म्हणून सांगा." मला तिचं पटत होतं. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत सुतार काय कमी होते? पण नाही म्हणालो असतो तर तुम्ही म्हणाला असता, याच्या मनात काहीतरी आहे, म्हणूनच टाळतो. आणि हो म्हणालो, तर तुमचं सगळं वजन माझ्या हातच्या कामावर. तुम्ही नुसते ठेचकाळलात तरी लोक म्हणणार, मिस्त्रीनं डाव साधला. दोन्हीकडून मीच अडकत होतो. शेवटी हो म्हणालो, कारण नाही म्हणताना तुमच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत नव्हती.

मग लाकूड निवडायला सुरुवात झाली. तसली निवड मी आयुष्यात पाहिली नाही. एवढी चौकशी करून कोणी पोरीचं लग्नसुद्धा जमवत नसेल.

मी सागवान पुढं केलं, तुमचा चेहरा कडक झाला. "हे कुठलं?" मी सांगितलं. "कोणाकडून घेतलं?" तेही सांगितलं. मग तुम्ही तो तुकडा बाजूला सारला. "ज्याच्यासाठी माणसं एकमेकाच्या जिवावर उठतेत ते मी पायाला बांधून फिरू?" बाभळीचा ओंडका तुम्ही नुसता उचलून पाहिला. "हे बांधलं तर मांडीच उपटून येईल." धुरपतावहिनींचा, म्हणजे तुमच्या मंडळींचा, निरोप होता की कडुनिंब घ्या, जखमेला बरा. तुम्ही म्हणालात, "तिला काय कळतंय? कडुनिंब उकलतो." आंबा किडतो. सावर म्हणजे काडेपेटीच्या काड्या. जांभूळ पिळवटतं. प्रत्येक तुकडा तुम्ही गालाला लावायचा, वास घ्यायचा, कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकायचा, थुंकी लावून ओली जागा किती वेळात सुकते ते बघायचा. आणि प्रत्येक वेळी लाकडाकडून तुमची नजर माझ्याकडं यायची. मी कोणतं लाकूड घ्या म्हणतो यापेक्षा काहून म्हणतो, हे तुम्ही शोधत होता.

शेवटी तुमची बोटं पांगाऱ्यावर थांबली. हलका, मऊ, कोरायला सोपा. मी म्हणालो, मऊ आहे, जाड ठेवावा लागेल. तुम्ही म्हणालात, "ठेव जाड. हाच पाहिजे." मला वाटलं, मी नको म्हणालो म्हणूनच तुम्हाला तो पाहिजे होता.

पाय कसा करतात हे मला माहीत नव्हतं, हे तुम्हालाही माहीत होतं. शिबिराच्या पायाची वाटी समोर ठेवून मी अंदाज घेत होतो. गोल पटाशीनं आतून कोरायचं, तुमचा खुंट आत घालून बघायचा, जिथं टोचतं तिथं पुन्हा कोरायचं. आत घोंगडीचा तुकडा. मांडीला बांधायचा चामड्याचा पट्टा हिंगोलीत चपला शिवणाऱ्या एका माणसाकडून करून घेतला. खाली टायरच्या रबराचा तळ. तुमचा खुंट माझ्या हातात असायचा आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून दुकानाच्या दाराकडं बघत असायचा.

शेवटच्या मापाला मी पट्टा आवळत होतो, मान खाली होती. तेव्हा तुम्ही विचारलंत, "मिस्त्री, त्या सांजच्याला तू कुठं होतास?"

कोणती सांज हे विचारायची गरज नव्हती. माझे हात थांबले.

"हट्ट्याला, बहिणीच्या गावी. तिच्या लेकराचं जावळ होतं."

"पिकअप कुणाची हाय तुह्या वळखीत?"

मी उठून उभा राहिलो. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "गार्डसाहेब, माझे वासे सडवले तेव्हा मी तुमच्या दारात आलो का? शिवी दिली का? मग हे काहून? पाय पाहिजे का न्हाई ते सांगा. न्हाईतर ही पटाशी घ्या आन् तुमीच कोरा."

तुम्ही जराही हलला नाहीत. "पट्टा ढिला हाय," एवढंच म्हणालात.

मी पट्टा आवळला. तुम्ही पाय लावून गेलात. मी त्या दिवशी दुसरं काम केलं नाही.

काही दिवस तुम्ही त्या पायावर चाललात. मग एका सकाळी तुमचा वसंत आणि तांड्यातले दोघं मोटरसायकलवर माझ्या दुकानी आले. वसंतचा चेहरा काळाठिक्कर. "चला. बाबांनी बोलावलंय. पाय मोडला." ओढ्याच्या उतारावर पाय मधोमध मोडला होता आणि तुम्ही दगडांवर पडला होता. बायकोनं माझा हात धरला, जाऊ नका म्हणाली. मी गेलो. न गेलो तर काय अर्थ निघेल ते मला कळत होतं.

तुमच्या अंगणात माणसं जमली होती. तुम्ही बाजेवर, मनगटाला फडकं बांधलेलं, कपाळावर खोक. समोर पोत्यावर मोडलेल्या पायाचे दोन तुकडे ठेवले होते, जसा तुम्ही धरलेला माल ठेवत असाल तसे. वहिनी दारात उभ्या होत्या. कोणीतरी मागून म्हणालं, "मुद्दाम केलं, दुसरं काय!" मी बाजेजवळ खाली बसलो आणि तुमचं धोतर बाजूला करून खुंट पाहिला. कातडी सोलून निघाली होती, रक्त वाळलेलं. मी पाणी मागितलं. कोणी हललं नाही. मग वहिनींनीच तांब्या आणून ठेवला, माझ्या हातात दिला नाही. मी जखम धुतली.

मग तुम्ही म्हणालात, "आता लाकूड बघ."

मी तुकडा उचलला. मोडलेल्या जागेतून पिठासारखी भुकटी पडली. आत घुणानं पोखरलं होतं. वरून टाचणीच्या टोकाएवढंसुद्धा भोक दिसत नव्हतं. तुम्ही हात पुढं केला, भुकटी तळहातावर घेतली, वास घेतला, खिशातून भिंग काढून बघत बसलात.

"हे लाकूड कुणी निवडलं होतं?" तुम्ही विचारलंत. मला नाही, सगळ्यांना.

मी हातातला तुकडा परत पोत्यावर ठेवला.

"मी निवडलं होतं," तुम्ही म्हणालात. "ठोकून, वास घेऊन. मला घुण कळला न्हाई. जावा घरी सगळे."

माणसं पांगली. वहिनी मात्र दारातून हलल्या नाहीत.

त्यानंतर मला वाटलं होतं, आता तुम्ही येणार नाही. पण मनगट बरं झालं आणि जीप पुन्हा दुकानासमोर थांबली. या वेळी लाकूड मी सुचवलं. शिवण. हलकी असते, पण पांगाऱ्यासारखी पोचट नाही. सुकली की पिळवटत नाही, सहसा उकलत नाही, कोरताना पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते. तुम्ही मान हलवलीत. "शिवण बराबर हाय. पण मिळती कुठं? आपल्याकडं राहिली का शिवण?" मी म्हणालो, हट्ट्याला बहिणीच्या शेताशेजारी गयाबाई म्हणून म्हातारी आहे, तिच्या बांधावरची शिवण वाऱ्यानं पडलीय.

हट्टा म्हणताच तुम्ही लगेच तयार झालात. मला बरं वाटलं. मूर्ख मी.

गयाबाईच्या बांधावर तुम्ही त्या पडलेल्या झाडाभोवती कुबड्यांवर फिरलात. मुळं उघडी पडलेली होती, तरी बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव आहे का ते हातानं चाचपून पाहिलंत. "बाई, झाड पडलं का पाडलं?"

गयाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "तुमी कोण? तलाठी?"

"न्हाई. पाय करायचाय."

तिनं तुमच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग असं पोलिसावाणी काहून विचारून राहिले? वाऱ्यानं पडलं. न्यायचं असंल तर न्या, न्हाईतर सरपणाला जाईल. शिवण हाय, चूल बी नीट पेटत न्हाई तिच्यानं." मी हसू दाबलं. तुम्ही नाही हसलात. बांधाच्या हद्दीचा दगड कुठं आहे ते विचारलंत, तो बघून आलात, मग म्हणालात, "घेतो."

जेवायला बहिणीकडं गेलो. मी हात धुवायला मागं गेलो होतो, परत येताना तुमचा आवाज ऐकू आला. "तुमच्या लेकराचं जावळ कधी झालं होतं, ताई? कोण कोण आलं होतं?" बहीण बिचारी हौसेनं सांगत होती. भाऊ आला होता, पुरणपोळी जास्त झाली म्हणून पोट धरून बसला होता, राहिला होता. मी भिंतीआड उभा राहिलो. माझ्या जेवणाची चव गेली. झाड बघायला म्हणून तुम्ही माझी साक्ष तपासायला आला होता. परत येताना मी जीपमध्ये तोंड फिरवून बसलो. तुम्ही मधेच म्हणालात, "बहीण चांगली हाय तुही." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लाकूड आणायचं तर तुम्हाला पास पाहिजे होता. बांधावरच्या शिवणीला वाहतूक पास लागतो की नाही, यावर ऑफिसातल्याच दोघांत वाद झाला. एक म्हणाला लागतो, एक म्हणाला कशाला. तुमच्या हाताखाली काम केलेली पोरं हसून म्हणाली, "साहेब, तुमचाच पाय हाय, घेऊन जावा की." तुम्ही त्यांच्या टेबलासमोर बसून राहिलात. "माहा हाय म्हणूनच पास पाहिजे. बिनपासच्या पायावर मी चालायचो न्हाई." शेवटी साहेबांनी कागद करून दिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला तुमचा राग यायच्या ऐवजी काहीतरी दुसरंच वाटलं. तुम्ही जसे माझ्याशी वागला होता, तसेच स्वतःशीही वागत होता.

पण ओंडका दुकानात आल्यावर तुम्ही पुन्हा तेच. खिशातून छिन्नी काढली, दोन्ही टोकांवर स्वतःची खूण कोरलीत, जंगलात जप्त मालावर मारतात तशी. "हे काय?" मी विचारलं. "बदलू नये म्हणून." ओंडका फाडून ठोकळे केले तेव्हा प्रत्येक ठोकळ्यावर खूण. ओलं लाकूड लगेच वापरता येत नाही. ते सावलीत, खाली पट्ट्या लावून, हवा खेळेल असं रचून ठेवायचं. त्या सगळ्या काळात तुम्ही अधूनमधून येत राहिलात. आधी खुणा तपासायच्या, मग बाकड्यावर बसायचं. पुढं पुढं पाणी घ्यायला लागलात, मग चहा. मी रंधा मारायचो, तुम्ही डोंगरातल्या गोष्टी सांगायचा. धावड्याचा डिंक, साळईचा वास, रात्रीची गस्त. मधेच विचारायचा, "मिस्त्री, खरं सांग, ते सगळेच वासे जिनिंगचे होते का? दोन-तीन तर नवे होते." मी म्हणायचो, "सगळे जिनिंगचे." तुम्ही म्हणायचा, "टोकं तर ताजी होती." मी म्हणायचो, "टोकं मी कापली होती." तुम्ही मान हलवायचा, पटल्यासारखी नाही, नोंद घेतल्यासारखी. हा वाद आपला शेवटपर्यंत चालू राहिला. मला आजही कळत नाही की तुम्हाला खरंच संशय होता, की एवढं एकच भांडण आपल्यात उरलं होतं म्हणून तुम्ही ते जपलं होतं.

शिवणीचा पाय मी सावकाश केला. या वेळी खाली पंजाही कोरला, तुम्हाला बूट घालायचा होता म्हणून. वहिनी एकदाच दुकानात आल्या, तुम्ही पाय घालून पहिल्यांदा उभं राहणार होता तेव्हा. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिलात, मग हात काढलात. दुकानाच्या दारापर्यंत गेलात, रस्त्यावर गेलात, एका बाजूनं येणाऱ्या ट्रककडं रोखून बघत उभे राहिलात. तो गेल्यावर रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुनिंबाखाली गेलात आणि तिथून परत आलात. मी तुम्हाला त्या दिवशी हसताना पाहिलं नाही. पण तुम्ही कडुनिंबाखाली उभे राहून झाडाच्या बुंध्याला बुटानं हळूच एक लाथ मारलीत. ती मी पाहिली.

वर्षं गेली तो पाय घालून. तुम्ही शेतात गेलात, नातवाच्या लग्नात मांडवभर फिरलात, डोंगरात तुमच्या हातची रोपं बघून आलात. पट्टा बदलला, तळाचं रबर बदललं, घोंगडीचं अस्तर बदललं. लाकूड बदललं नाही. आणि मी तुम्हाला कधीच विचारलं नाही की मला तुम्ही तुमच्या मनातल्या त्या संशयाच्या यादीतून काढलं का. विचारायचं म्हणून कितीदा रंधा खाली ठेवला. तुम्ही 'न्हाई' म्हणाला असता तर पुढं तुमचा पाय हातात कसा धरला असता? म्हणून राहिलं. आता तुमच्या छातीत कळ आली, तुम्ही हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीत, आणि माझा प्रश्न माझ्याकडंच राहिला.

सरणावर पाय ठेवायचा का, यावर त्या दिवशी कुजबूज झाली. वसंत म्हणाला, बाबांसोबत जाऊ द्या. वहिनी म्हणाल्या, "ते झाड हाय, त्यांचं अंग न्हाई. घरी ठेवा." तुम्हाला पायाशिवाय ठेवलं. तुम्ही किती लहान दिसत होता.

काल मी तांड्यावर गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी खाली बसलो. मग त्याच म्हणाल्या, "मिस्त्री, एक विचारते. त्या सांजच्याला तुमी खरंच हट्ट्याला होतात?"

मी थक्क झालो. तुमचा प्रश्न, इतक्या वर्षांनी, त्यांच्या तोंडून.

"होतो, वहिनी."

"ते बी म्हणायचे, होता म्हणून. म्हणायचे, मिस्त्री न्हाई तो." त्यांनी पदर सारखा केला. "पयला पाय मोडला ना, त्या दिवशीपासून म्हणायचे. म्हणायचे, ज्यानं गुन्हा केलाय तो आधी पुराव्याकडं जातो. हा आधी माह्या पायाकडं आला, लाकूड त्यानं मी सांगितल्यावर उचललं. यावरून आमचं कितीदा वाजलं. मला पटलं न्हाई. मीच म्हणाले, हट्ट्याला चाललात तर त्याच्या बहिणीला विचारून या. आले आन् म्हणाले, होता. मी म्हणाले, बहीण भावाचंच सांगणार."

म्हणजे हट्ट्याला तुम्ही माझी साक्ष तपासायला नव्हता आलात. तुम्ही त्यांच्यासाठी विचारत होता, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून. आणि मी जीपमध्ये तोंड फिरवून बसलो होतो. तुम्ही एक शब्द सांगितला असता तर! पण तुम्ही कसले सांगताय.

"मंग आता, वहिनी?" मी विचारलं. "आता पटतं का?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, अगदी तुमच्यासारख्या. "रोज सकाळी ते उठायच्या आत मी तो पाय बघायची. पट्टा, खिळे, आतलं अस्तर, सगळं. बोटानं चाचपून, ठोकून. एक बी दिवस चुकवला न्हाई. ते झोपेचं सोंग घेऊन पडून ऱ्हायचे. तुमाला चोर म्हणत न्हाई मी, मिस्त्री. पण माह्या माणसाला एकदा मागून उडवलं होतं. मी कुणावर इश्वास ठेवू?"

गार्डसाहेब, इतकी वर्षं मला वाटत होतं की तो पाय माझ्या कामामुळं टिकला. मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी नको म्हटलं नाही.

मग त्या आत गेल्या आणि पाय घेऊन आल्या. पुसून लख्ख ठेवला होता. मी दोन्ही हात पुढं केले, सवयीनं. त्यांनी दिला नाही. छातीशी धरून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बघा काय बघायचं ते. पण माह्या हातात ऱ्हाऊ द्या."

मी तसाच पाहिला, त्यांच्या हातात. वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवला, पंजाचा सांधा दाबला, बोटानं ठोकून कान लावला. तुम्हाला कळवतो, लाकूड ठणठणीत आहे. कुठंही चीर नाही.